चालू हाय की बंद?

उद्यमबागेच्या तिसऱ्या गल्लीत
रस्त्यावरची धूळही काळी असते,
चिमटीत धरली तर जड लागते.
तिथं हलगेकरांच्या फाउंड्रीत माझं टेबल,
भट्टीपासून बावीस पावलांवर.

कुठल्या साच्याला किती वाळू, कुठली वितळ किती वाजता,
कुणाची हजेरी, कुणाचा ओव्हरटाइम,
सगळं एका भाषेत लिहिलेलं
जिचं नाव इथं कुणाच्या तोंडी बसत नाही.
आधीच्या मुलानं लिहिलं. तो पुण्याला गेला.
जाताना कपाखाली चिठ्ठी ठेवली:
चालतंय. हात लावू नका.

चिठ्ठी चार वर्षं टिकली, कप फुटला.

आता सदानंदअण्णा चष्मा कपाळावर सारून विचारतात,
"ही तुझी भाषा चालू हाय की बंद?
नवं मशीन घेताव, कर्ज काढून.
बंद दुकानाच्या भरवशावर कसं घेऊ?"
मी म्हटलं, मंगळवारी सांगते.

शेवटचा बदल अकरा महिन्यांपूर्वीचा.
काय बदललं? एक स्वल्पविराम.

आता ह्या अकरा महिन्यांना काय म्हणू?
खानापूरच्या घरातली विळी
माझ्या जन्माआधीपासून आहे तशी आहे,
तिला कुणी बंद पडली म्हणत नाही.
पण तिच्याविरुद्ध एकशे चौदा तक्रारीही नाहीत.
इथं आहेत. सगळ्यात जुनी सहा वर्षांची,
खाली माणसं नुसती येऊन उभी राहिलेली:
मलाही. मलाही. मलाही.
न आलेल्या बसची रांग.

शेजारची दुसरी भाषा पाहिली. तिथं रोज हालचाल!
जवळ जाऊन बघितलं तर एक यंत्र
पहाटे उठून आवृत्तीचे आकडे वाढवत होतं.
घरात कुणी नाही,
आणि तुळशीपुढचा बल्ब टायमरवर लागतोय.

परत आले. मोजलं.
शंभरातल्या एक्क्याण्णव ओळी एकाच माणसाच्या.
रात्री अकरा ते दोन, वर्षानुवर्षं,
मग एका मार्चमध्ये काहीच नाही.
मूल झालं असेल. किंवा आई गेली.
किंवा फुकट करायचा कंटाळा आला,
जो मला पगार घेऊनही येतो.

भरमाकाका कडोलकर साचे करतात, चाळीस वर्षं.
त्यांना विचारलं, भट्टी आतून तापलेली हे बाहेरून कसं कळतं?
"विचारत बसू नगं. थेंबभर पाणी टाक.
बोललं तर हाय."

माझ्याकडे एक थेंब होता.
पगारपत्रकावर गावाचं नाव ओळीत मावलं नाही
की भाषा ते मधेच तोडते:
येळ् एकीकडे, ळूर खालच्या ओळीत.
कन्नड अक्षरांतही तसंच, जोडाक्षराचे दोन तुकडे.
दोन्हीकडच्यांचा पगार सारखाच वाकडा छापला जातो.
शनिवारी रात्री बसून मी ते सांधलं, पाठवलं.

रविवार गेला.

सोमवारी पहाटे चार वाजून सात मिनिटांनी उत्तर:
"याची चाचणी कुठे आहे?"
नमस्कार नाही, आभार नाहीत.
मी अंथरुणात उठून बसले,
शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, कुणाचा फोन?
म्हटलं, कुणी नाही. भट्टी बोलली.

मंगळवारी अण्णांना सांगितलं:
चालू आहे. पण एका माणसावर.
आणि तो दमलाय.

अण्णांनी काचेतून भरमाकाकांकडे पाहिलं,
सदुसष्टाव्या वर्षी वाळूत गुडघे टेकून बसलेल्या.
"आपलं तरी किती जणांवर चाललंय," म्हणाले.
मग बराच वेळ कॅल्क्युलेटरची बटणं दाबली
काही न मोजता.
"त्याला पगार कोण देतंय?"
कुणी नाही, अण्णा.
"कुणीच?"

दुपारी ते स्वतः बँकेत गेले.
परदेशात महिन्याला दोन हजार पाठवायचे
तर कुठला फॉर्म लागतो,
कारण ह्या रकान्यात काय लिहायचं,
मॅनेजरलाही माहीत नव्हतं.