सेकंडचा टॉवेल

राजमणी गाजूलच्या पत्र्यावर
सकाळी आठलाच चप्पल चिकटते.
सोळा पॅनेलं बसवली, नट आवळले,
दक्षिणेकडं तोंड करून,
पंगत बसावी तशी.
वाढपी एकटाच, वर.

खाली चार माग. खटाक्-खट, खटाक्-खट.
"चारी चालतील का बे ह्याच्यावर?"
दुपारचे चालतील, मी म्हणालो.
"आन् रात्रपाळी?"
मी पक्कड धरलेल्या हातानं दाखवलं
होटगीच्या अंगाला,
जिथं ते उंच धुराडं आभाळाला टेकू देऊन उभं असतं.
तिनं मान हलवली.
विड्या वळायची पूर्वी, दिवसाला हजार;
आकडा ऐकला की तिची बोटं आपोआप मोजतात.

माझा बाप मिलच्या बॉयलरवर होता.
फावडं, कोळसा, भट्टीचं तोंड.
खोकला की रुमालावर काळी नक्षी पडायची,
आई ती दगडावर घासायची आणि निघाली नाही
की दगडालाच शिव्या.
तो म्हणायचा, कोळसा म्हंजे शिळं ऊन रे,
झाडांनी गिळलेलं, भुईनं दाबून ठेवलेलं.
आपण उकरतो, जाळतो, वाफ करतो, चाक फिरवतो.
चाक फिरणं मुख्य.
मग धरणाचं पाणी फिरवो, डोंगरावरचा वारा फिरवो,
कारखान्यात उसाचं चिपाड फिरवो,
चाकाला जात नसते.
फक्त कोळसा एकदा खाल्ला की ताट रिकामं,
कुणी परत वाढत नाही.
मिल बंद पडली तेव्हा हे त्याला नीट कळलं.

ह्या पॅनेलांत चाकच नाही.
असता तर हसला असता:
"न फिरता? मग वीज येते कशी, बसल्या बसल्या?"

पंधरा दिवसांनी फोन.
"तुझं ऊन मंदावलंय, येऊन बघ."
ऊन मंदावलं नव्हतं, बेचाळीस होतं.
काचांवर धूळ, मागांतनं उडालेला कापूस,
आणि आणखी काहीतरी, बारीक, करडं.
धुवायला लागतं, मावशी. आठवड्याला एकदा.
"एंडा फुकट म्हणालास.
पाण्याचं बोलला नव्हतास."
नळ पाचव्या दिवशी. मोरीत तीन पिंपं,
त्यातलं एक गळकं.
"उजनीचं पाणी त्या धुराड्याला पुरतंय,
माझ्या भाताला पुरत नाही,
आन् तू म्हणतोस काचा धू."

उत्तर नव्हतं. टेस्टर खिशाला लावला, परत काढला.

तिनं ढिगातून एक सेकंड ओढला,
काठ तिरपा गेलेला, मधे दोन दोरे सुटलेले,
व्यापाऱ्यानं परत पाठवलेला माल.
अर्धा तांब्या पाण्यात बुडवला, पिळला,
पिळलेलं पाणी पुन्हा तांब्यात.
शिडी चढली. साडी खोचून, गुडघ्यावर,
एकेक काच पुसत गेली,
तापलेल्या कपाळावर घडी फिरवावी तशी.

मी खालून बघत होतो आणि डोकं गरगरलं.
ह्या गावानं टॉवेल विणले घाम पुसायला.
घाम उन्हाचा.
टॉवेल विणला कोळशानं,
कोळसाही उन्हाचाच, शिळा.
आता टॉवेल उन्हाचं तोंड पुसतोय
आणि ऊन खाली टॉवेल विणतंय.
कोण कुणाचा हिशेब ठेवतंय, समजेना.
ऊन लागलं असेल मला.

मीटरचे आकडे चढले. तिनं बघितलं,
बोलली काही नाही, चहा टाकला.

साडेसहाला पत्रा तांबूस झाला, मग राखाडी.
पेटीत टक् झालं,
ऊन गेलं, कोळसा आला.
मागांना कळलंही नाही. खटाक्-खट.

दोरीवर तो टॉवेल वाळत होता.
मधोमध काळी नक्षी, बोटांच्या रुंदीची.
मी ओळखली.
राजमणीनं वास घेतला,
"रस्त्याची धूळ नाही ही. राख हाय."

निघेल का, मी विचारलं.

"बघू की," ती म्हणाली.
"नळ आल्यावर."