मानस

चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
बांधाच्या पोटातले लाकडी दार ते.
भरतीला नदीच छातीने लोटून ते मिटते,
ओहोटीला शेतातले पाणी आतून उघडते.
सोयरू रात्री तिथे बसतो तो जाळ्यासाठी,
दार त्याला विचारत नाही.

हे चोपन्न वर्षे ठाऊक होते.
माझ्याही गळ्यात अशा चार मानशी होत्या
हे बांबोळीला कळले,
गलगंड काढल्यावर.
तांदळाच्या कणीएवढ्या, डॉक्टर इमेल्दा म्हणाल्या,
तीन गेल्या, चौथी रुसली आहे.
कण्या तर आम्ही कोंबड्यांना टाकतो,
मी म्हटले. त्या हसल्या नाहीत.

तिसऱ्या रात्री ओठांभोवती मुंग्या,
मग बोटांत.
दंडाला पट्टा बांधून नर्सने फुगा दाबत नेला
आणि माझा उजवा हात आपणहून वळला:
मनगट वाकले,
बोटे सरळच राहून एकमेकींना चिकटली,
अंगठा त्यांच्या आत.
ह्याला सुईणीचा हात म्हणतात, इमेल्दा म्हणाल्या.

त्यांना काय ठाऊक माझी आई कोण!
खालच्या वाड्यातली निम्मी माणसे
ह्याच हाताने उजेडात आली.
दाराच्या फटीतून चोरून पाहिलेला तो हात
आता माझ्या मनगटाला फुटला होता
आणि समोर बाळ नव्हते,
फक्त पांढरी चादर.

हाड म्हणजे खांब, एवढेच मला माहीत.
ती तर कोठी निघाली,
चुना आणि फॉस्फेट एकाच पोत्यात भरलेली.
रक्तात चुना कमी पडला की कणी निरोप धाडायची,
हाड पोते सैल करायचे,
पण दोघेही बाहेर येत,
आणि दोघांची दाटी झाली की खडे धरतात.
म्हणून मूत्रपिंडाला दुसरा निरोप:
चुन्याला ठेव,
त्याला ओहोटीबरोबर जाऊ दे.
चुना पुरे झाला की कणी गप्प.
कुणी गप्प केले?
चुन्यानेच.

आता निरोप नाहीत.
चुना वाहून जातो, दुसरा मुक्काम ठोकतो.
उन्हात बसते, पण हुकमावाचून
मूत्रपिंड ते ऊन कामाला लावत नाही,
म्हणून ऊनही गोळीतूनच.
चुन्याची गोळी जेवतानाच घ्यायची,
म्हणजे आमटीतले फॉस्फेट ती आतड्यातच धरून ठेवते.
काळे थंड पेय बंद. ते मला कधी आवडलेच नव्हते,
तरी बंद म्हटल्यावर
रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघताना
नेमकी त्याचीच तहान लागते.

एका वर्षी मानशीची फळी कुजली होती.
एका रात्रीत खारे पाणी आत,
पुढची तीन वर्षे भात नाही.
सोयरू तेव्हा रडला नव्हता.
बांबोळीच्या कॅन्टीनमध्ये रडला,
बशीतल्या चहाकडे बघत.

पहाटे ओहोटी लागली की तो कंदील घेऊन निघतो.
मी उठते, गोळी चावते,
तिसऱ्यांचा शिंपला दाताखाली आल्यासारखी कचकच.
मग अंधारातच उजवा हात
उघडते, मिटते, उघडते.
परवा तो दारातून म्हणाला,
बघ गो, तूही आता मानशीवर बसलीस.
मी म्हटले, हो,
पण माझ्या जाळ्यात काही सापडत नाही.