तांब्याचा वाटा

सकाळी आठला पंप नीट चालतो.
साडेबाराला लाल दिवा: जादा करंट, बंद.
चारला पुन्हा आपला आपण शहाणा.

सावद्याच्या पुढे, केळीच्या बागेला लागून
शेडच्या पत्र्यावर सोलरची पॅनलं,
शेडच्या खांबावर आमची पेटी,
जळगावच्या एमआयडीसीत जुळवलेली,
आतला बोर्ड मी काढलेला.
हे शेवटचं वच्छलाबाईंना सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी ॲम्प्लिफायरवर आळ घेतला.
नवा टाकला. तोच आकडा.
दुसऱ्या दिवशी अर्थिंगवर.
सुपडूने खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला,
कळशीभर पाणी ओतलं. तोच आकडा.
मग कपॅसिटर, मग प्रोग्राम, मग गेल्या महिन्यात
नोकरी सोडून गेलेला पराग खाचणे,
कारण उलट बोलायला तो समोर नव्हता.

तिसऱ्या दिवशी क्लँपमीटर मागून आणला,
रिकाम्या हवेत आधी शून्यावर बसवला,
पेटीची मर्यादा तेवढ्यापुरती काढून ठेवली
आणि वायरीला चिमटा लावला.
वायर म्हणाली, बारा पूर्णांक सात.
पेटी म्हणाली, तेरा पूर्णांक सात.
साडेतेराला बंद व्हायला मीच तिला शिकवलेलं.
हा एक अँपियर
वायरीत नव्हता, मग होता कुठे?

शंटला बोल लावता येईना.
मँगॅनिनची ती बोटभर पट्टी
उन्हाला दाद देत नाही,
म्हणून तर महाग.

झाकणाला सुपडूचा हात लागला, पोळला.
शिवी हासडून त्याने डोक्याचा रुमाल
हौदात बुचकळला, पेटीवर टाकला.
तेरा सात.
तेरा पाच.
तेरा तीन.
मी म्हटलं, काढ. काढला.
तेरा चार, तेरा सहा.
म्हटलं, टाक.
“हाऊ काय खेळ मांडेल शे?”

पेटी उतरवली, सावलीत उघडली.
मोजणाऱ्या दोन रेघा
शंटच्या अंगावरून न घेता
मी दोन बोटं अलीकडून घेतल्या होत्या.
जागा नव्हती.
जागा नव्हती म्हणजे
रात्रीचे दोन वाजले होते आणि एक स्क्रू मध्ये येत होता.
मधल्या तांब्यातून सगळा करंट जायचा,
तांबं तापायचं, आपला वाटा वाढवायचं,
आणि तो वाटा मी
पंपाच्या नावावर लिहायचे.

ब्लेडने रेघा तोडल्या.
केसाएवढ्या दोन वायरी थेट शंटच्या पोटाशी नेल्या,
डाग दिला, फुंकर मारली.
पेटी पुन्हा उन्हात.
बारा सात. वायरही बारा सात.
रुमाल टाकून बघितला, काढून बघितला.
आकडा हलेना.

वच्छलाबाई केव्हाच्या मागे उभ्या.
“मग आधी तेरा दाखवायचं
तेव्हा पाणी जास्त पडायचं का?”
नाही, पाणी तेवढंच.
“म्हणजे आकड्यालाच ऊन लागलेलं,”
म्हणाल्या, आणि ताक आणायला वळल्या.

अशा तेवीस पेट्या अजून बाहेर आहेत.
चिनावल, खिरोदा, निंभोऱ्याला चार,
दोन तर थेट चोपड्याला.
जीपच्या बॉनेटवर वही ठेवून
मी ओळीने पत्ते उतरवले.
‘बिघाडाचे कारण’ या रकान्यात
आधी लिहिलं: उष्णता.
मग ते खोडून
शेजारच्या अरुंद जागेत माझं नाव,
जोडाक्षर मावेना म्हणून
थोडं तिरकं.

सुपडूचा रुमाल पेटीवर
वाळून पापडासारखा कडक झाला होता.