पान दोनशे बारा

ब्रॉटी फेरीत आता फेरी नाही,
नावातच काय ती उरलीय.
टे नदी रुंद होत समुद्राला मिळते, तिथे आमची वाचनालयाची शाखा,
दोन खोल्या, एक गळकं पन्हाळं,
आणि खिडकीखालच्या फळीवर ती नऊ पुस्तकं.
नऊच्या नऊ एकत्र मी कधी पाहिली नाहीत.
एखादं तरी असतंच कुणाच्या उशाशी.

चढावर वाहणाऱ्या नद्यांचा तो देश.
तिथला नावाडी ओर्लेक पैसे घेत नाही,
उतारूकडून एक आठवण घेतो
आणि पाण्यात सोडून देतो.
नावेच्या टोकावर मॉस, त्याची एका कानाची कुत्री.

तिसरा खंड माझ्या हाती आला पहिल्या हिवाळ्यात.
साडेतीनला दिवस मावळायचा.
कऱ्हाडहून आणलेले दोन्ही स्वेटर एकावर एक घालून,
डिक्शनरी न उघडता संपवलेलं माझं पहिलं इंग्रजी पुस्तक.
ओर्लेक माझ्याशी मराठीतच बोलायचा:
"बस गं पोरी, पाणी आज जरा रागात आहे."

दोनशे अकरा आणि बारा
छापलेले नव्हते.
मूळ पान कुणी फाडलं, की फाटलं, माहीत नाही.
त्या जागी रेघांच्या वहीचा कागद,
हिरवी शाई, समास नीट सोडलेला,
शेवटचं वाक्य अर्ध्यावर तोडलेलं,
दोनशे तेराशी सांधा जुळावा म्हणून.
बांध फुटतो. पोर वाहून जातं. मॉस उडी घेते.
हिरव्या शाईत ती पोराला काठाशी आणते,
अंग झाडते, सगळ्यांना भिजवते.
आणि दोनशे तेरा सुरू होतं:
संध्याकाळपर्यंत कुणी काही बोललं नाही.
दमले असतील, असं आम्ही धरून चाललो.

अकरा वर्षं गावाने हेच वाचलं.
पाचव्या खंडात ओर्लेक अर्धी भाकरी टोकाशी ठेवतो;
गार्वी म्हणायचे, "मॉसची."
तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पुराव्याशिवाय बोलत नसे.
आयलीने खडूने काढलेली एककानी मॉस
सूचनाफलकावर उन्हाने पिवळी पडली.
नवव्यात तो रिकाम्या काठाकडे बघून शीळ घालतो,
त्यावर तर दोन मंगळवार भांडणात गेले.
म्हातारी झालीय, ऐकू येत नसेल,
असं शेवटी बहुमताने ठरलं.

मग जुन्या प्रतीचा कणा मोडला. नवी आली.
गार्वी ती दोन दिवसांत परत घेऊन आले,
"छपाईची चूक आहे," म्हणाले, "परत पाठवा."
पुस्तक टेबलावर ठेवलं तरी त्यांचा हात त्यावरून निघेना.

रात्री मी ते पान वाचलं.
पाणी मिटतं.
एवढंच.
त्या रात्री ओर्लेक इंग्रजीतच बोलला.

आपल्याकडे म्हणतात, जीव लावला.
इथे कुणीतरी तो खरोखरच लावला होता,
गोंदाने, चारी कडांना,
फुगा राहू नये म्हणून अंगठ्याने दाबून.
कोपऱ्यात ठसा आहे, हिरवा, लहानसा.
लहान मुलाचा? की नाजूक हाताच्या बाईचा?
तारखांच्या चिठ्ठीवर नुसत्या तारखा.
हिरव्या पेनने फॉर्म भरणाऱ्यांकडे
मी अजून जरा जास्तच वेळ बघते.

सकाळी फॉर्म भरला.
परत पाठवण्याचं कारण: सदोष प्रत.
रद्दीच्या खोक्यातून जुनी काढली,
कण्याला कापडी पट्टी लावली, वर दोन विटा ठेवल्या.

गार्वी चारला आले.
बाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं,
पुस्तक त्यांनी कोटाच्या आत घेतलं, बटणं लावली.
दारात थांबून म्हणाले,
"कळवलंत ना त्यांना, चूक झालीय म्हणून?"
कळवलं, म्हटलं.