झेरॉक्सच्या दुकानावरची खोली

भाडेकरार मीच टाइप केला.
'पवित्रा' लिहिलं, तर तिनं पडद्यावर बोट ठेवलं:
व नाही, ब.
पबित्रा घर्ती, मूळ गाव रोल्पा, नेपाळ.
व्यवसाय?
ती जरा थांबली. म्हणाली, "बातम्या."
मी तिचे हात पाहिले. पेरांत साबणानं खाल्लेली कातडी,
कळंगुटच्या मोरीतली सहा वर्षं.
मी 'गृहिणी' टाइप केलं.
त्या कागदावर अजून तेच आहे.

म्हापशात आमचं दुकान एक ते चार बंद.
जेवण, डुलकी, मग शटर वर.
किनाऱ्यावरच्या हॉटेलांची भांडीही तेव्हाच पालथी पडतात,
दोन तास कुणी कुणाला हाक मारत नाही.
त्या वेळेला ती वर बोलायला बसे:
चण्याच्या दोन डब्यांवर फोन, मागे भिंतीला निळी साडी.
सोनौलीची गाडी कुठून सुटते,
घरी पैसे धाडताना कुठला काउंटर कमी कापतो,
पगाराच्या चिठ्ठीवर अंगठा उठवण्याआधी
कुठला आकडा दोनदा वाचायचा.

नाव ठेवलं चुलो.
"चूल?" मी म्हटलं. "चुलो," ती म्हणाली.
फरक एका ओकाराचा,
आणि ओकार तर आमच्या आंब्यालाही आहे, घोड्यालाही:
आंबो, घोडो.
तरी मला ती भायलीच वाटे.

पहिल्या आठवड्यात बघणारे नऊ.
त्यातली एक मी, खालून,
लॅमिनेशनचं मशीन तापेपर्यंत.
पहिली जाहिरात मोमोवाल्याची, आठशे रुपये.
दोनशे रोख, उरलेले मोमो.
मग राउटर आला, मग हिशेबाला एक मुलगी,
मग जीएसटीचा अर्ज, त्याच्या सहा प्रती,
आणि बँकेतला तो माणूस: "नवरा काय करतो?"
"माझा कॅमेरा धरतो," ती म्हणाली. "पगारावर."

कांदोळीच्या एका हॉटेलनं
चौदा पोरांचा तीन महिन्यांचा पगार बुडवला.
तिनं चौदा नावं वाचली, सावकाश, गावासकट.
हॉटेलवाला माझं जुनं गिऱ्हाईक,
त्याची मेनूकार्डं माझ्याच मशीनमधून जात.
दुकानात आला, बोलला काहीच नाही,
काउंटरवर गाडीची किल्ली वाजवत राहिला.
संध्याकाळी मी जिना चढले.
काढून टाक, म्हटलं.
तिनं मला चहा दिला.
व्हिडिओ राहिला.

पुढचे अडीच महिने ती खाली येई,
प्रतीमागे दोन रुपये मोजून ठेवी
आणि नमस्ते अर्धंच म्हणे.
भाडं मात्र एक तारखेला, पाकिटात.
मेनूकार्डं आता दुसरीकडे होतात.
नऊ पोरांचे पैसे आले.
उरलेली पाच नावं ती दर सोमवारी वाचते,
अजून.

शटरचं सांगायचं राहिलं.
चारला ते उघडतं ते किंचाळत.
तिच्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला
मी अशी किंचाळत असते
हे मला फार उशिरा कळलं.
माफी कशी मागतात ते या वयात कुठं शिकायचं?
मी शटरला तेल घातलं.

तिसऱ्या दिवशी ती जिन्यात उभी.
"दिदी, शटरला काय झालं?
पाळोळेचा एक पोरगा विचारतोय,
मोरजीतल्या दोघी विचारतायत.
तो आवाज आला की ते पातेलं खाली ठेवायचे,
हात पुसायचे."

आता गंज चढायची वाट बघतोय
आम्ही दोघी.
हवा दमट आहे इथली.
फार दिवस लागायचे नाहीत.