उणे अठरा

सड्यावरच्या शीतगृहात रात्रपाळी.
दर तासाला वहीत मांडायचं:
उणे अठरा, उणे अठरा,
मध्येच एकदा उणे सतरा, की फाव्स्तीनला हाक.
तो येतो, कंटेनरच्या दाराचं रबर चाचपतो,
एक मऊशी शिवी घालतो कोंकणीत.

उजाडेपर्यंत अहवाल हवाय मालकांना,
‘कुक्कुटमांस निर्यात : कल आणि शक्यता’.
मी आलेख काढते.
रेघ चढते, चोर्ल्याच्या घाटात ट्रक चढतो तशी,
कण्हत, दुसऱ्या गिअरवर;
मग एका साली कुठल्याशा तळ्याकाठी बदकं मेली
आणि रेघ थेट खाली.
तळं कुठलं, इथून किती कोस,
कोणत्याच खरेदीदाराने विचारलं नाही.
मग पुन्हा चढ,
मका महागला की धाप लागणारा.

जगाला अख्खी कोंबडी नको असते.
एका बंदराला छाती, बिनहाडाची.
दुसऱ्याला तंगड्या.
पावलांनाही भाव असतो, हे मला नोकरीत कळलं.
पंख उरलेल्या जागेत भरतात.

बाबा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसायचे.
वजन विचारलं तर तराजूला हात लावत नसत;
कोंबडी तळव्यावर घेऊन
क्षणभर डोळे मिटायचे,
म्हणायचे, सव्वा किलो.
चुकलेच तर गिऱ्हाइकाच्या बाजूने.

एकदा त्यांना इथे आणलं.
माझं जाकीट त्यांना आखूड झालं.
पुठ्ठ्याच्या खोक्यावर हात ठेवून
डोळे मिटून उभे राहिले, बराच वेळ.
‘कायच कळना गो,’ म्हणाले,
‘हात बधिर जालो.’

शक्यता, मुद्दा पहिला: आखातात मागणी वाढेल.
लांबच्या देशांचा माल स्वस्त, पण आपला जवळचा.
‘जवळचा’ मी ठळक करते.
आपण स्वतः घाटापलीकडून आलेली खातो,
हे वाक्य लिहून खोडते.

पाचच्या सुमारास खाली धक्क्यावर बोट भोंगा देते.
रेघ संपते तिथून पुढे
तुटक टिंबं काढायची असतात, अंदाजाची.
पेन धरवत नाही. हात काखेत धरून बसते,
ऊब येईपर्यंत.
मग पहिलं टिंब. ते किती वर, हे ठरवताना
डोळे आपोआप मिटतात.

‘न्हिदलें मगे?’ दारातून फाव्स्तीन.