सहाव्या भेटीनंतर

पहिल्या बाईंनी तक्ता दिला:
आरोप इकडे, पुरावा तिकडे.
मॉर्व्हेननं बेकरीच्या पावतीमागे लिहिलं,
'मी बिनकामाची.' पुरावा: जळालेले चार पाव.
पलीकडे, दोनशे शाबूत.
हिशेब पटला. आवाज नाही थांबला.

दुसऱ्यानं, ॲबर्डीनच्या बंदराकडच्या खोलीत,
रिकामी खुर्ची पुढे ओढली.
'बसा तिथं. घ्या तिची झाडाझडती.'
ती बसली, आणि तोंड सुटलं ते सुटलंच,
थेट आईच्या ठसक्यात.
परत आपल्या खुर्चीत येताना
गुडघा वाजला, आणि तिला
त्या गुडघ्याचीच कीव आली.

शेवटच्या फॉर्मवर प्रश्न:
कशाचा उपयोग जास्त झाला?
दोन्ही चौकटी तिनं कोऱ्या ठेवल्या.

पहाटे चारला पीठ मळताना
आवाज आला, नेहमीचा.
'बस गं,' ती म्हणाली,
'तूही दमली असशील.'